कोरड्या, राठ केसांसाठी खोबरेल, जास्वंद आणि जवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा उपचार नेमका कोणता आहे?

न्हाण्यापूर्वी केसांच्या लांबीला खोबरेल तेल लावावे, केस सौम्य पद्धतीने धुवावेत आणि धुतल्यानंतर ओल्या केसांवर जास्वंदीच्या पानांचा किंवा जवसाचा बुळबुळीत अर्क थोडा वेळ ठेवून तो साध्या पाण्याने काढून टाकावा, एवढाच हा उपचार आहे. यातील प्रत्येक वस्तू महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत किंवा परसात सापडते आणि आपल्या आज्यांनी ती कधी ना कधी वापरलेली असते. तरीही अनेकांना याचा गुण येत नाही, आणि त्याचे कारण बहुधा वस्तूंमध्ये नसून क्रमामध्ये असते. तेल न्हाल्यानंतर चोपडले जाते, लेप टाळूवर थापला जातो, आणि मग दोन्ही काढण्यासाठी शाम्पू दोन-तीनदा लावावा लागतो. त्यामुळे जे मिळवायचे तेच धुऊन जाते.

केस कोरडे आणि खराब होतात, तेव्हा त्यांचे नेमके काय होते?

केसाच्या बाहेरच्या बाजूस पातळ खवल्यांचे थर असतात. कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे ते एकमेकांवर चढलेले असून त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. या खवल्यांच्या पृष्ठभागावर एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो आणि त्यामुळेच निरोगी केसावरून पाणी सहज ओघळते. ब्लीच, रंगकामातील अल्कली, सरळ करण्याची रसायने आणि तापलेली इस्त्री यांमुळे हा थर निघून जातो आणि खवले उचकटतात. त्यानंतर केसात पाणी भराभर शिरते व तितक्याच लवकर बाहेर पडते. ओला केस फुगतो, वाळताना आकसतो, आणि हे वारंवार घडल्याने आतील प्रथिनांची वीण सैल होत जाते. हाताला जाणवणारा राठपणा, कंगव्यात अडकणारा गुंता आणि टोकाला फुटणारे फाटे ही सगळी याचीच लक्षणे आहेत.

खराब झालेला केस या उपचाराने पूर्ववत होतो का?

होत नाही. त्वचेच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे जखम भरून येते तसा तो भरून येऊ शकत नाही. फाटलेले टोक कोणत्याही तेलाने, लेपाने किंवा महागड्या सीरमने कायमचे जुळत नाही. ते कापावेच लागते. उपचाराने तीन गोष्टी साधतात : पुढील नुकसान कमी होते, केसावर तात्पुरते गुळगुळीत आवरण येते आणि विंचरताना तुटणारे केस वाचतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. याचा अर्थ तीस सेंटीमीटर लांब केसाचे टोक सुमारे अडीच वर्षांचे असते, आणि आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत त्या टोकाने अडीचशेहून अधिक धुणी सोसलेली असतात. म्हणूनच केसांच्या संगोपनात अधूनमधून केलेल्या मोठ्या उपचारापेक्षा प्रत्येक धुण्यातील लहानशी काळजी मला अधिक मोलाची वाटते.

तेल खोबरेलच का? बदाम, तीळ किंवा करडई का नको?

या एका बाबतीत परंपरा आणि प्रयोगशाळा यांचे मत जुळते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधिका आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. तिघांपैकी केवळ खोबरेल तेलाने केसांतून होणारी प्रथिनांची गळती लक्षणीय प्रमाणात कमी केली, आणि हा परिणाम चांगल्या तसेच खराब झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या केसांत, धुण्यापूर्वी व धुतल्यानंतर तेल लावूनही दिसला. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मात्र या निष्कर्षामागील कारण पटण्याजोगे आहे. खोबरेल तेलातील जवळपास निम्मे मेदाम्ल लॉरिक आम्ल असते. त्याचा रेणू लहान व सरळ साखळीचा असून केसातील प्रथिनांकडे त्याचा ओढा असतो, त्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरू शकते. तेल आत असले की धुताना पाणी कमी शिरते आणि केस कमी फुगतो.

सूर्यफुलासारखी तेले मुख्यतः पृष्ठभागावर राहतात. त्यांनी चकाकी येते, घर्षण कमी होते, पण आतून संरक्षण होत नाही. बाजारातील ‘बदाम तेल’ म्हणवणाऱ्या केसांच्या तेलांची वेष्टने अवश्य वाचावीत, कारण त्यांतील कित्येकांत पहिला घटक लिक्विड पॅराफिन, म्हणजेच खनिज तेल असतो. खनिज तेल घातक नाही. परंतु बदामाच्या नावाखाली पैसे मोजताना आपण काय घेतो आहोत, हे ठाऊक असलेले बरे. माका, ब्राह्मी, आवळा किंवा जास्वंदीची फुले घालून कढवलेले तेल वापरायचे असेल, तर ते खोबरेलातच कढवलेले असावे, म्हणजे मूळ तेलाचा गुण तरी निश्चित मिळतो.

तेल किती, केव्हा आणि कसे लावावे?

खांद्यापर्यंतच्या केसांना दोन ते तीन चहाचे चमचे तेल पुरते. केस कोरडे असतानाच लावावे, कारण ओल्या केसात आधीच पाणी भरलेले असते. तळहातावर थोडे तेल पसरून प्रथम टोकांना, मग मधल्या भागाला लावावे आणि मुळांकडे उरलेला हातच फिरवावा. जोराने चोळण्याचे काही कारण नाही. डोके रगडून दिलेले मालीश सुखाचे असले तरी कमजोर केस त्यात गुंततात आणि तुटतात. तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठते, त्यामुळे नागपूरच्या थंडीत किंवा परदेशातील हिवाळ्यात ते पातळ करावे लागते. त्यासाठी वाटी कोमट पाण्यात ठेवावी. थेट आचेवर ठेवलेले तेल किती तापले हे कळत नाही आणि टाळू भाजल्याची उदाहरणे घरोघरी ऐकायला मिळतात.

तेल रात्रभर ठेवावे का?

खराब केसांसाठी रात्रभर ठेवल्यास तेल शिरायला अधिक वेळ मिळतो, म्हणून ज्यांना त्रास होत नाही त्यांनी ठेवण्यास हरकत नाही. कपाळावर किंवा पाठीवर पुरळ येत असेल, तर न्हाण्यापूर्वी एक-दोन तास पुरेसे आहेत. सैल वेणी घालावी आणि उशीवर जुने सुती कापड पसरावे.

केस कशाने धुवावेत? शिकेकाईने केस आणखी कोरडे होतात, असे का म्हणतात?

शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाची नैसर्गिक फेसाळ द्रव्ये असतात. ती मळ आणि तेल दोन्ही काढतात, आणि प्रमाण जास्त झाले तर हवे असलेले तेलही ओढून नेतात. रिठा त्या मानाने अधिक जोरकस असल्यामुळे राठ केसांसाठी तो मी टाळायलाच सांगेन, किंवा शिकेकाईच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घालू नये. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो आणि खवले मिटून राहण्यास ते अनुकूल असते.

कोरडेपणाची तक्रार बहुतेकदा भुकटी थेट केसांवर थापल्यामुळे येते. भुकटीचे कण केसांत अडकतात, ते काढताना केस घासले जातात आणि डोळ्यांत गेल्यास झोंबतात. त्याऐवजी दोन मोठे चमचे भुकटी तीन कप पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी एक उकळी आणून गाळावी, आणि हे गाळलेले पाणी कोमट झाल्यावर मुळांवर ओतावे. लांबीवरून ते आपसूक वाहते, तेवढ्याने ती स्वच्छ होते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तेल लावून उटणे व शिकेकाईने न्हाण्याची जी रीत आहे, तिच्यातला क्रम हाच आहे.

ज्यांना शिकेकाईला वेळ देता येत नाही, त्यांनी सौम्य शाम्पू पाण्यात मिसळून केवळ टाळूला लावावा. साबणाच्या वडीने केस धुणे मात्र बंद करावे, कारण साबण अल्कधर्मी असतो व त्याने खवले उघडतात.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. त्याने फरक पडतो का?

पुष्कळ पडतो. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम खराब केसाला चिकटून राहतात, आणि साबणाशी संयोग होऊन त्यांचा चिकट पांढुरका साका केसांवर बसतो. मराठवाड्यातील बोअरवेलच्या पाण्यावर किंवा विदर्भाच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. लंडनला गेलेल्या मराठी कुटुंबांनाही तेथील कठीण पाण्यामुळे केस अचानक राठ झाल्यासारखे वाटतात. शिकेकाईच्या फेसाचा असा साका होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. शक्य असल्यास शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याचे घ्यावेत. संपूर्ण न्हाणे तशा पाण्याने करण्याची आवश्यकता नाही.

जास्वंदीचा अर्क कसा करावा?

जास्वंदीची पंधरा-वीस ताजी पाने घ्यावीत. देशी लाल, एकेरी पाकळ्यांच्या जास्वंदीची असल्यास उत्तम, आणि दोन-तीन फुलेही घालता येतात. पाने धुऊन कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावीत आणि मग त्याच पाण्यात हाताने चुरडावीत. थोड्याच वेळात पाणी दाट व बुळबुळीत होते. मिक्सरमधून काढल्यास काम लवकर होते, परंतु पानांचा बारीक चोथा केसांतून निघता निघत नाही, म्हणून हाताने चुरडणेच मला योग्य वाटते. हा अर्क मलमलच्या किंवा जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून गाळावा. गाळणे टाळू नये; घरगुती लेपांविषयीच्या निम्म्या तक्रारी न गाळल्यामुळे उद्भवतात, असे म्हटले तरी चालेल.

केस धुऊन झाल्यावर पाणी निथळू द्यावे, अर्क कानांच्या पातळीपासून टोकांपर्यंत लावावा आणि केसांत तो असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवावा. हा बुळबुळीतपणाच येथे औषध आहे. तो असताना कंगवा अडत नाही आणि केस तुटत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे आणि पुन्हा शाम्पू किंवा शिकेकाई लावू नये.

जवसाचा अर्क कसा करावा आणि तो कोणी वापरावा?

चटणीसाठी आणलेले साधे जवसच यासाठी चालते, मात्र ते भाजलेले नसावे. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत ठेवावे. आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे ताराळ होते. त्याच क्षणी आच बंद करून गरम असतानाच गाळावे. थंड झाल्यावर ते इतके घट्ट होते की दाण्यांपासून वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते.

कुरळ्या आणि लाटदार केसांना जवस विशेष मानवते. धुतलेल्या ओल्या केसांवर याचा अगदी थोडा थर न धुता तसाच ठेवल्यास वळणे बांधलेली राहतात आणि केस पिंजारत नाहीत. सरळ व बारीक केसांवर मात्र तो न धुता ठेवल्यास केस कडक आणि चिकट वाटतात, त्यांनी जास्वंदच घ्यावी. भिजवलेल्या मेथीचे पाणीही असेच दाट असते, पण तिचा वास एक-दोन दिवस जात नाही, याची तयारी ठेवावी.

कोरफड का सुचवलेली नाही?

ती वापरता येते. पान कापल्यावर त्यातून जो पिवळा चीक निघतो तो त्वचेला खाज आणू शकतो, म्हणून पान कापलेल्या बाजूने खाली उभे ठेवून चीक पूर्ण निथळू द्यावा आणि आतील पारदर्शक गर धुऊन घ्यावा. गराने टाळूला गारवा वाटतो. मात्र गुंता सोडवण्याच्या कामी तो जास्वंदीपेक्षा कमी पडतो.

अंडे, दही, लिंबू, केळे, खाण्याचा सोडा यांचे काय?

अंड्यातील प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात. पिवळ्या बलकातील स्निग्धता थोडा मऊपणा देते खरी, पण गरम पाणी लागले तर अंडे केसांतच शिजते. दह्यातील सौम्य आम्ल व स्निग्धांश उपयोगी असले तरी वास राहतो. केळ्याचे तंतू काढताना होणारा त्रास त्याच्या लाभाहून मोठा आहे.

लिंबू आणि सोडा यांविषयी मात्र मी स्पष्ट सांगू इच्छितो. लिंबाचा रस थेट लावण्याइतका सौम्य नाही, आणि तो त्वचेवर असताना ऊन लागल्यास कपाळावर व मानेवर डाग किंवा फोड येऊ शकतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्यामुळे खवले उघडतो, म्हणजे ज्या इजेवर आपण उपचार करतो आहोत तीच इजा वाढवतो. राठ केसांना सोडा कधीही लावू नये.

मेंदीने केसांना पोषण मिळते ना?

मेंदीतील रंगद्रव्य केसातील केराटिनला घट्ट धरते, त्यामुळे रंग टिकतो आणि केस थोडे जाड भासतात. कोरड्या केसांना मात्र वारंवार लावलेली मेंदी अधिक राठ करते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. लावायचीच असेल तर आदल्या दिवशी भरपूर तेल लावावे आणि मेंदीचा रंग केवळ पांढऱ्या मुळांपुरता ठेवावा. ‘काळी मेंदी’ या नावाने मिळणाऱ्या भुकटीत पॅराफिनायलिनडायअमाइन हे रसायन असू शकते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. ती मेंदी नैसर्गिक समजू नये.

डोक्यात कोंडा असताना तेल लावावे का?

टाळूला लावू नये. ज्या बुरशीमुळे हा कोंडा वाढतो ती तेलातील मेदाम्लांवरच पोसली जाते. कोंडा म्हणजे कोरडेपणा असे समजून रोज तेल थापणाऱ्यांचा त्रास म्हणूनच हटत नाही. प्रथम कोंड्यावर केटोकोनॅझोलसारख्या औषधी शाम्पूने उपचार करावेत आणि त्या काळात तेल केवळ खालच्या निम्म्या लांबीला लावावे.

बाजारातील कंडिशनर पूर्णपणे बंद करावा का?

तसा आग्रह मी धरणार नाही. खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्प्रभार वाढलेला असतो. कंडिशनरमधील मुख्य घटकांवर धन प्रभार असल्याने ते नेमके खराब जागीच जाऊन चिकटतात आणि धुतल्यावरही थोडे मागे उरतात. जास्वंद किंवा जवस यांच्या अर्काला असा प्रभार नसतो. त्यांचे आवरण पुढच्या धुण्यात निघून जाते. वारंवार ब्लीच केलेल्या केसांना घरगुती अर्क एकटा बहुधा पुरत नाही. अशा वेळी न्हाण्यापूर्वी खोबरेल आणि नंतर साधा, स्वस्तातला कंडिशनर ही जोडी उत्तम काम करते.

पार्लरमधील ‘नैसर्गिक केराटिन ट्रीटमेंट’ याहून चांगली नाही का?

अशा अनेक उपचारांत केस सरळ करण्याचे काम केराटिन करत नाही. ते फॉर्माल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्ये आणि वरून फिरवलेली तापलेली इस्त्री यांनी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून नोंदवले आहे. डोळे चुरचुरणे आणि घसा खवखवणे ही त्या वाफेची पहिली खूण असते. बाटलीवरील घटक वाचायला मागावेत, आणि ते दाखवण्यास नकार मिळाला तर उठून यावे.

उपचार सुरू करण्यापूर्वी चाचणी घ्यावी का?

अवश्य घ्यावी, कारण वनस्पतींचीही ॲलर्जी होते. अर्काचा थेंब कोपराच्या आतील बाजूस लावून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाहावे. लाली, खाज किंवा पुरळ दिसल्यास तो पदार्थ सोडून द्यावा. टाळूवर जखम किंवा ओला इसब असताना कोणताही लेप लावू नये.

फरक केव्हा दिसतो?

गुंता कमी होणे आणि केस हाताला मऊ लागणे पहिल्या-दुसऱ्या न्हाण्यातच जाणवते. कंगव्यात व मोरीत पडणारे तुकडे कमी झाले की नाही, हे कळायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. येथे आखूड तुकडे आणि मुळासकट गळालेला केस यांत भेद करावा : टोकाला बारीक पांढुरका गोळा असलेला पूर्ण लांबीचा केस मुळापासून गळालेला असतो, आणि त्यावर या उपचाराचा काहीही परिणाम होत नाही.

या काळात केस टॉवेलने खसाखसा पुसणे थांबवले नाही, तर उरलेले सारे श्रम वाया जातात. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा मऊ पंचा घ्यावा, केस त्यात गुंडाळून दाबावेत आणि ओले केस घट्ट बांधू नयेत.

उरलेला अर्क किती दिवस टिकतो?

त्यात परिरक्षक नसल्यामुळे जास्वंदीचा अर्क त्याच दिवशी संपवावा. जवसाचा अर्क स्वच्छ काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. वास बदलला, पाणी सुटले किंवा वर डाग दिसले तर टाकून द्यावा. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवल्यास एका न्हाण्यापुरते दोन-तीन तुकडे काढता येतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

केसांना रसायने किंवा उष्णता लागलेली नसतानाही ते काही महिन्यांत राठ झाले, जोडीला थकवा, वजनातील बदल, अनियमित पाळी किंवा थंडी सहन न होणे अशा तक्रारी असल्या, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता केस कोरडे आणि ठिसूळ करते आणि तिच्यावर गोळी हाच उपाय असतो. टाळूवर चट्टे पडत असतील किंवा केसांची जागा गुळगुळीत होऊ लागली असेल, तर लेप लावून वाट पाहण्यात वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.